लिनक्सचा कर्नल बदलल्यावर ड्रायव्हर बिघडला तर: तपासणी आणि दुरुस्ती

कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा लिनक्सचा गाभा) अपडेट झाला, मशीन रिस्टार्ट केलं आणि वायफाय गायब. नाहीतर स्क्रीन कमी रिझोल्यूशनवर अडकलेली. अशा वेळी बहुतेक जण कुठून तरी ड्रायव्हर उतरवून त्याच्यावर टाकतात आणि गुंता तिथूनच वाढतो. जुना ड्रायव्हर गेलेला नसतो, नवा अर्धवट बसतो, आणि नक्की कोण चालतंय हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून काहीही नवं टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा: चालू असलेला कर्नल हे हार्डवेअर स्वतःच ओळखतो का? ओळखत असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढणं हीच दुरुस्ती.

या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. कॅपिटल असं वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी. सिस्टिममध्ये बदल करणाऱ्या प्रत्येक आज्ञेआधी ‘सुडो’ लावायचं. उदाहरणं मुख्यतः उबुंटू आणि डेबियनची आहेत. फेडोरा, रेड हॅट किंवा आर्चवर वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

मुळात बिनसतं कशामुळे

लिनक्स कर्नल वरच्या प्रोग्रामांशी दिलेला शब्द पाळतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या कर्नलवर सहसा चालतो. कर्नलच्या आत मात्र असं कोणतंही वचन नाही. आतली फंक्शनं, त्यांचे आर्ग्युमेंट, स्ट्रक्चर कधीही बदलतात, आणि हे धोरण जाणूनबुजून ठेवलेलं आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यामागची कारणं कर्नलच्या सोर्समधल्याच एका टिपणात लिहून ठेवली आहेत. ५.० मध्ये ‘अॅक्सेस_ओके’चा एक आर्ग्युमेंट गेला. ५.६ मध्ये ‘प्रॉक’ फाइलींसाठी ‘प्रॉक_ऑप्स’ हे वेगळं स्ट्रक्चर आलं. ६.४ मध्ये ‘क्लास_क्रिएट’चा पहिला आर्ग्युमेंट काढून टाकला. कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या अधिकृत सोर्समध्ये, असलेले ड्रायव्हर बदल करणाराच दुरुस्त करतो. झाडाबाहेरच्या ड्रायव्हरकडे पाहायला कोणी नसेल तर पुढच्या कर्नलवर तो कंपाइलच होत नाही.

याशिवाय प्रत्येक मॉड्यूलवर (कर्नलमध्ये चढवता-उतरवता येणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलीवर) ‘व्हरमॅजिक’ नावाची खूण असते. त्यात कर्नलची आवृत्ती आणि तो बांधताना निवडलेले एसएमपी, प्रीएम्प्ट वगैरे पर्याय नोंदलेले असतात. ती चालू कर्नलशी जुळली नाही तर कर्नल मॉड्यूल घेत नाही. जबरदस्तीने चढवण्याचा पर्याय ‘मॉडप्रोब’ या मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेत आहे, पण तो वापरू नका. स्ट्रक्चरचा आकार बदललेला असेल तर ड्रायव्हर भलत्याच ठिकाणी लिहितो आणि मेमरी किंवा डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो.

म्हणजे तक्रार वरून एकच दिसली तरी आतून तीनपैकी एक असते. ड्रायव्हर या कर्नलसाठी बांधला गेलेला नाही. किंवा दोन ड्रायव्हर एकाच हार्डवेअरवर हक्क सांगत आहेत. किंवा डिस्कवर बरोबर ड्रायव्हर आहे पण मेमरीत किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या अगदी सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल-संचात) जुनाच बसलेला आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी निदान.

निदान

१. ‘युनेम -आर’ चालवा. कोणता कर्नल प्रत्यक्ष चालू आहे ते लिहून ठेवा. नवा कर्नल टाकला म्हणजे मशीन त्यावरच सुरू झालं असं गृहीत धरू नका.

२. पीसीआय कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’, यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी -टी’. पहिल्या आज्ञेत दोन ओळी महत्त्वाच्या. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे आत्ता कोणी ताबा घेतलाय, आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे कोण कोण घेऊ शकतं. दुसऱ्या ओळीत दोन-तीन नावं असतील तर भांडणाची शक्यता तिथेच आहे. पहिली ओळ नसेलच, तर कोणीच ताबा घेतलेला नाही. कंसातला ‘१०ईसी:८१६८’ असा आयडी टिपून घ्या. मदत शोधताना खोक्यावरच्या मॉडेलपेक्षा हाच आयडी कामी येतो, कारण एकाच मॉडेलच्या दोन खेपांमध्ये चिप वेगळी निघू शकते.

३. ‘मॉडइन्फो’ आणि मॉड्यूलचं नाव. त्यातली फाइलीची वाट पाहा. ‘कर्नल’ फोल्डरमधून असेल तर ड्रायव्हर कर्नलसोबत आलेला आहे. ‘अपडेट्स/डीकेएमएस’मधून असेल तर बाहेरचा. फेडोरावर बाहेरचे मॉड्यूल ‘एक्स्ट्रा’मध्ये जातात.

४. ‘मॉडइन्फो’ डिस्कवरची फाइल दाखवतो, मेमरीतली नाही. मेमरीतल्या मॉड्यूलची आवृत्ती ‘/सिस/मॉड्यूल/’ खाली त्या नावाच्या फोल्डरमधल्या ‘व्हर्जन’ किंवा ‘एसआरसीव्हर्जन’ फाइलीत मिळते. दोन्ही ताडून पाहा. फरक असेल तर तिसऱ्या प्रकारचा घोळ आहे. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवल्यावर ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ येतं त्याचं नेहमीचं कारण हेच: आपोआप झालेल्या अपडेटने लायब्ररी बदलली, मॉड्यूल जुनाच चालू राहिला. तिथे काहीही पुन्हा टाकायचं नाही, रिस्टार्ट पुरतो.

५. ‘डीमेसेज’ वाचा. मागच्या वेळच्या, फसलेल्या बूटचे संदेश ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मिळतात.

संदेशांचे अर्थ असे. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आला तर व्हरमॅजिक जुळलेला नाही, म्हणजे मॉड्यूल दुसऱ्या कर्नलसाठी बांधलाय. ‘अननोन सिम्बॉल’ किंवा ‘डिसअॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ म्हणजे त्याला हवं ते फंक्शन नाही किंवा बदललंय. ‘नॉट फाउंड इन डिरेक्टरी’ म्हणजे या कर्नलसाठी तो बांधलेलाच नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड रोखणारी सोय) आडवा आलाय. फर्मवेअरची (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल मिळत नाही असा संदेश असेल तर ड्रायव्हर ठीक आहे. नवा कर्नल नवी फर्मवेअर मागतोय, ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अपडेट करा.

डीकेएमएस नीट वापरणं

डेलने सुरू केलेलं डीकेएमएस बाहेरच्या ड्रायव्हरचा सोर्स ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये ठेवतं आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ने कोणता मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी ‘इन्स्टॉल्ड’ आहे ते दिसतं. चालू कर्नलचं नाव त्या यादीत नसेल तर कारण बहुतेक वेळा हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसणं हेच असतं. उबुंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-’ला ‘युनेम -आर’चं उत्तर जोडून पॅकेज टाका, आणि पुढच्या वेळी हे आपोआप व्हावं म्हणून ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ही ठेवा (एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी उबुंटू देतं तो नवा कर्नल, असेल तर त्याचं एचडब्ल्यूई रूप). फेडोरा आणि रेड हॅटवर ‘कर्नल-डेव्हेल’ लागतं. तिथलं ‘कर्नल-हेडर्स’ पॅकेज साध्या प्रोग्रामांसाठी असतं, मॉड्यूल बांधायला त्याचा उपयोग नाही. आर्चवर ‘लिनक्स-हेडर्स’ आणि दीर्घकाळ आधाराच्या एलटीएस कर्नलसाठी ‘लिनक्स-एलटीएस-हेडर्स’ ही वेगळी पॅकेज आहेत. दोन्ही कर्नल असतील तर दोन्ही टाका. मग ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’.

हेडर असूनही बांधकाम फसलं तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’ खाली त्या मॉड्यूलच्या ‘बिल्ड’ फोल्डरमधली ‘मेक.लॉग’ उघडा. शेवटची ओळ वाचून काहीच कळत नाही. वरून खाली येत पहिली ‘एरर:’ शोधा. बाकीच्या शंभर ओळी तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. त्या पहिल्या ओळीत फंक्शनचे आर्ग्युमेंट कमी-जास्त किंवा ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ असं काही असेल तर ड्रायव्हर या कर्नलसाठी जुना आहे, त्याची नवी आवृत्ती शोधा.

‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो’ हा पर्याय ओळखता येत नाही अशी ओळ असेल, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. उबुंटू २२.०४वर ६.५चा एचडब्ल्यूई कर्नल आला तेव्हा हे सर्रास झालं. तो कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला, मशीनवर मूळचा जीसीसी ११, आणि ११ला हा पर्यायच माहीत नाही. ‘जीसीसी-१२’ पॅकेज टाकलं की तोच ड्रायव्हर विनातक्रार बांधला जातो. कर्नल कशाने बांधलाय ते ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन’ सांगतं.

एकाच मशीनवर दोन कर्नल, दोन ड्रायव्हर

आता जिथे खरी कसोटी लागते ते उदाहरण. रिअलटेकच्या आरटीएल८८२२बीयू चिपचा यूएसबी वायफाय डोंगल घ्या. एलएसयूएसबीमध्ये तो ‘०बीडीए:बी८१२’ असा दिसतो. दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकला असेल तर आयडी वेगळा. मशीनवर उबुंटू २२.०४ आहे, ५.१५ आणि ६.८ असे दोन्ही कर्नल ठेवलेत. ५.१५मध्ये या चिपसाठी ड्रायव्हर नाही, म्हणून बाहेरचा ‘८८एक्स२बीयू’ डीकेएमएसने टाकलेला. कर्नल ६.२पासून मात्र ‘आरटीडब्ल्यू८८’ कुटुंबात यूएसबीची सोय आली आणि ‘आरटीडब्ल्यू८८_८८२२बीयू’ हा मॉड्यूल सोबतच येतो. डीकेएमएस इमानेइतबारे जुना ड्रायव्हर ६.८साठीही बांधतं. आता ६.८वर दोन्ही मॉड्यूल त्याच आयडीवर हक्क सांगतात, आणि ज्याचा नंबर आधी लागेल तो डोंगल घेतो. एका बूटला वायफाय चालतं, दुसऱ्याला नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावर घ्या.

सरळ सुचणारा उपाय म्हणजे एकाला ब्लॅकलिस्ट करणं, म्हणजे आपोआप चढू न देणं. पण ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मधली फाइल सगळ्या कर्नलांना लागू होते. तिथे ‘८८एक्स२बीयू’ बंद केला तर ५.१५वर वायफाय जातं. त्यामुळे भांडण ब्लॅकलिस्टने न मिटवता बांधकामाच्या टप्प्यावरच थांबवायचं.

१. ‘डीकेएमएस स्टेटस’मधून मॉड्यूलचं नाव आणि आवृत्ती जशीच्या तशी घ्या.

२. फक्त ६.८पुरता तो काढा: ‘डीकेएमएस रिमूव्ह -एम नाव -व्ही आवृत्ती -के कर्नल’. ‘-के’च्या जागी ‘--ऑल’ लावलंत तर ५.१५चाही जाईल.

३. ‘/यूएसआर/एसआरसी/नाव-आवृत्ती/डीकेएमएस.कॉन्फ’मध्ये ‘बिल्ड_एक्सक्लुझिव्ह_कर्नल="^(५\.|६\.[०१]\.)"’ ही ओळ घाला, नाव पूर्ण कॅपिटलमध्ये. हा रेग्युलर एक्स्प्रेशन आहे: ५ने सुरू होणारे कर्नल आणि ६.०, ६.१ एवढ्यांसाठीच बांध. ‘६\.[०१]’नंतरचा ‘\.’ विसरलात तर ६.१२, ६.१४सुद्धा यात बसतील.

४. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘ग्रेप -आर’ने ‘आरटीडब्ल्यू८८’ शोधा. ड्रायव्हरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टने कर्नलमधल्या मॉड्यूलला ब्लॅकलिस्ट केलेलं असू शकतं. ती ओळ काढा.

५. ‘डेपमॉड -ए’ला ६.८ कर्नलचं पूर्ण नाव देऊन चालवा, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, आणि रिस्टार्ट.

पुढच्या कर्नल अपडेटला डीकेएमएस ‘बिल्ड एक्सक्लुझिव्ह’बद्दल संदेश देईल. तो अपेक्षितच आहे.

पाचव्या पायरीतलं ‘-के ऑल’ गाळू नका. नुसतं ‘-यू’ दिलं तर सर्वात नव्या कर्नलचाच इनिटरॅमएफएस नव्याने बनतो आणि जुन्या कर्नलमध्ये जुन्याच सेटिंग राहतात. फेडोरावर यासाठी ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’. त्याआधी ‘डीएफ -एच /बूट’ पाहून घ्या. बूट विभाजनात जागा नसेल तर नवा इनिटरॅमएफएस बनतच नाही.

आरटीएल८८२१सीई या पीसीआय चिपचंही असंच आहे. ‘आरटीडब्ल्यू८८’ने ती ५.९पासून ओळखायला सुरुवात केली. काही मशीनवर सुरुवातीच्या कर्नलांत हा ड्रायव्हर डळमळीत होता, म्हणून लोक बाहेरचा ‘आरटीएल८८२१सीई’ टाकून ‘आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई’ ब्लॅकलिस्ट करत. नव्या कर्नलवर आलात तर आधी ती ब्लॅकलिस्ट काढून कर्नलचाच ड्रायव्हर चालवून पाहा.

ब्लॅकलिस्टबद्दल आणखी एक. ‘ब्लॅकलिस्ट’ ओळ मॉड्यूलला हार्डवेअर पाहून आपोआप चढण्यापासून रोखते, एवढंच. दुसऱ्या मॉड्यूलने त्याला नावाने बोलावलं तर तो चढतो. पक्का बंदोबस्त हवा तर ‘इन्स्टॉल मॉड्यूलनाव /बिन/फॉल्स’ अशी ओळ लिहा. एकाच बूटपुरतं बंद करायचं असेल तर ग्रबच्या (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूट-प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=मॉड्यूलनाव’ लिहा. प्रयोगाला हाच मार्ग चांगला, चुकलं तर रिस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत.

एनव्हिडिया आणि नूवो

नूवो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर २.६.३३पासून कर्नलमध्ये आहे आणि बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएसमधूनच, कार्डाचा ताबा घेऊ शकतो. त्याने एकदा कार्ड धरलं की एनव्हिडियाचा मॉड्यूल चढत नाही. वितरणाचं पॅकेज नूवोला स्वतःच ब्लॅकलिस्ट करतं. तरीही भांडण दिसलं तर बहुधा इनिटरॅमएफएस जुना आहे; ‘एलएसइनिटरॅमएफएस’च्या यादीत ‘नूवो’ शोधून खात्री करा.

एनव्हिडियाच्या साइटवरची ‘.रन’ फाइल आणि वितरणाचं पॅकेज एकत्र कधीही ठेवू नका. दोघांच्या लायब्ररी एकमेकींवर लिहिल्या जातात. ‘.रन’ने टाकलेला ड्रायव्हर आधी ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ने काढा, मग ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. उबुंटूवर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होणारी, आधीच बांधून सही केलेली पॅकेज मिळतात. ती त्या त्या कर्नलशी जोडलेली असतात, त्यामुळे वितरणाचाच कर्नल वापरणाऱ्यांनी डीकेएमएसऐवजी तीच घ्यावीत.

जुन्या कार्डांचं दुखणं वेगळं. एनव्हिडिया ड्रायव्हरच्या ३४० शाखेचा आधार २०१९ अखेर संपला, ३९०चा २०२२ अखेर, आणि केपलर कार्डांच्या ४७०चा २०२४मध्ये. या शाखा नव्या कर्नलवर चालवायच्या तर तिऱ्हाइतांचे पॅच लावावे लागतात. रोजच्या कामाच्या मशीनवर तो खटाटोप करू नका. साधी कामं असतील तर नूवो पुरतो. कुडा (कार्डावर गणितं चालवण्याची एनव्हिडियाची सोय) हवंच असेल तर दीर्घकाळ आधार असलेला जुना कर्नल धरून राहा. उबुंटू २२.०४चा ५.१५ अशा मशीनला योग्य आहे.

ब्रॉडकॉम

आयडी ‘१४ई४’ने सुरू होत असेल तर चिप ब्रॉडकॉमची. कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर कर्नलमधल्या बी४३, एसएसबी, बीसीएमए आणि बीआरसीएमएसमॅक यांच्यासोबत नांदत नाही. त्याची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ची आहे; पुढच्या कर्नलांसाठीचे पॅच वितरणांची मंडळी लावतात. म्हणून मूळ टारबॉल न घेता उबुंटूवर ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’, डेबियनवर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ घ्या. बीसीएम४३१३ असेल तर कर्नलमधला बीआरसीएमएसमॅक चालतो, त्याला ‘डब्ल्यूएल’ची गरज नाही. बीसीएम४३१४२ला मात्र दुसरा पर्याय नाही.

सिक्युअर बूट

‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ने तो चालू आहे का ते कळतं. चालू असेल तर बाहेरचा मॉड्यूल सही केलेला आणि ती की (मोक) मशीनमध्ये विश्वासाची म्हणून नोंदलेली असावी लागते. उबुंटूवर ‘मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डर’ (फाइलीच्या नावातलं ‘मोक’ कॅपिटलमध्ये), डेबियन १२वर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब’. तात्पुरता पासवर्ड ठरवा. रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, ती काही सेकंदच थांबते. लगेच की दाबून ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग पासवर्ड. ती निसटली तर इम्पोर्ट पुन्हा करायचं. एकदा की नोंदली की पुढच्या कर्नलांसाठी हे परत करावं लागत नाही.

केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स

व्हर्च्युअलायझेशनसाठीही दोन मॉड्यूल एकाच प्रोसेसरच्या सोयीवर भांडतात. ६.११पर्यंत केव्हीएम (कर्नलमधला व्हर्च्युअलायझेशनचा मॉड्यूल) पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू होईपर्यंत व्हीटी-एक्सला, म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या या सोयीला, हात लावत नसे, त्यामुळे मशीनवर दोन्ही असले तरी निभावून जायचं. ६.१२पासून मॉड्यूल चढताक्षणी तो ताबा घेतो आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची एरर देऊन थांबतं. ग्रबच्या कर्नल ओळीत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अॅट_लोड=०’ लिहिलं की जुनी वागणूक परत येते.

कर्नल धरून ठेवणं, आणि स्क्रीनच आली नाही तर

ग्रबमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर बूट होताना ‘एस्केप’ किंवा ‘शिफ्ट’. जुन्या कर्नलवरही अंधारच असेल तर ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा. हा फक्त दुरुस्तीपुरता उपाय आहे, कायम ठेवला तर ग्राफिक्सचा वेग जातो. म्हणूनच चालणारा एक जुना कर्नल नेहमी ठेवा. फेडोरा मूळच्या सेटिंगमध्ये तीन कर्नल ठेवतं (‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’). आर्च जुना कर्नल ठेवत नाही आणि अपडेट होताच चालू कर्नलचे मॉड्यूल डिस्कवरून जातात. रिस्टार्ट करेपर्यंत नवा पेनड्राइव्हसुद्धा कधी कधी चालत नाही. तिथे ‘लिनक्स-एलटीएस’ सोबतीला टाकाच.

रेड हॅटच्या मशीनवर हा सगळा त्रास कमी असतो, कारण एका मुख्य आवृत्तीत (८मध्ये ४.१८, ९मध्ये ५.१४) कर्नलचा आकडा तोच राहतो आणि ठरावीक सिम्बॉल (मॉड्यूल वापरतात ती कर्नलची फंक्शनं वगैरे) न बदलण्याची हमी असते. तेवढेच सिम्बॉल वापरणारा ‘केमॉड’ (आधीच बांधून दिलेला मॉड्यूल) पुढच्या कर्नलवर ‘वीक-अपडेट्स’मधून तसाच चालतो.

उबुंटूवर कर्नल रोखायचा तर ‘एपीटी-मार्क होल्ड’ला ‘लिनक्स-जेनेरिक’, ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ ही तिन्ही नावं द्या. इमेज रोखून हेडर मोकळे सोडले तर दोघांच्या आवृत्त्या फुटतात आणि डीकेएमएस पुन्हा अडतं. होल्डमुळे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, म्हणून ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की ‘एपीटी-मार्क अनहोल्ड’ करून नवा कर्नल घ्या आणि ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये त्याचं नाव दिसल्यावरच रिस्टार्ट करा.